फिरत्या आरा यंत्रावर जड इंजिन बसवताना

फिरत्या आरा यंत्राचे इंजिन कधी ना कधी बदलावे लागते. जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेले असते, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, किंवा रुंद ओंडक्यात पाते शिरले की ते दम टाकू लागते. आणि मग बदली म्हणून जे हाती येते ते बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जड असते. एका सिलिंडरच्या जागी दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन येते किंवा पेट्रोलच्या जागी डिझेल येते. अशा वेळी सगळी चर्चा अश्वशक्तीभोवती फिरते. माझा अनुभव मात्र असा आहे की या कामात फसगत होते ती वजनामुळे, आणि त्यातही वजन किती वाढले यापेक्षा ते कोणत्या जागी वाढले यामुळे. म्हणून पहिला बोल्ट सोडण्याच्या आधी करायच्या मोजमापाला आणि हिशेबाला मी येथे सर्वांत जास्त जागा देणार आहे.

माझ्यासमोर जे यंत्र आहे ते रुळांवरून सरकणाऱ्या पट्टा-करवतीचे आहे. यात ओंडका आडव्या तुळयांवर स्थिर असतो आणि दोन चाकांवर ताणलेले पाते, इंजिन, पाण्याची टाकी व इंधनाची टाकी यांसह करवतीचे हेड ओंडक्यावरून पुढे जाते. हे हेड दोन किंवा चार उभ्या खांबांमध्ये वर-खाली होते, आणि ते उचलण्यासाठी विंचची तार, साखळी, आट्यांचे उभे दांडे किंवा हायड्रॉलिक सिलिंडर असतो. एकाच बाजूच्या खांबावर तोललेल्या हेडचे यंत्र असेल, तर पुढे सांगितलेला तोलाचा हिशेब आणखी कसोशीने करावा लागतो, कारण तेथे दुसऱ्या बाजूला आधारच नसतो.

जुने इंजिन काढण्यापूर्वी

यंत्र आज जसे आहे तसे मोजून ठेवावे. रूळ पाणसळ लावून समपातळीत आणावेत आणि हेड खालच्या, मधल्या व वरच्या अशा तीन उंचींवर नेऊन प्रत्येक वेळी पात्यापासून तुळईपर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना मोजावे. खांबांना ओळंबा लावून ते किती उभे आहेत ते पाहावे. इंजिनाच्या पुलीचा आणि चालित पुलीचा (पात्याचे चाक फिरवणाऱ्या पुलीचा) व्यास, दोन्ही शाफ्टच्या केंद्रांमधील अंतर, बेल्टचा प्रकार आणि पूर्ण वेगातील इंजिनाचे फेरे हे सर्व वहीत लिहावे. जुने इंजिन एकदा उतरले की यांतील निम्म्या गोष्टी पुन्हा मोजता येत नाहीत, आणि नव्या इंजिनानंतर फळ्या वाकड्या निघू लागल्या तर दोष आधीचा होता की आत्ताचा हे ठरवायला दुसरे काहीच हाताशी उरत नाही.

त्यानंतर दोन्ही इंजिनांचे वजन करावे. १३ अश्वशक्तीच्या आसपासचे एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन साधारण ३० ते ३५ किलोचे असते, २० ते २५ अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे ४० ते ५० किलोच्या घरात जाते, आणि हवेने थंड होणारे १० अश्वशक्तीचे डिझेल ५० किलोच्या आसपास भरते. पाण्याने थंड होणारी अनेक सिलिंडरांची डिझेल इंजिने रेडिएटरसह १०० किलोच्या पुढे सहज जातात. मात्र माहितीपत्रकातील आकडा बहुधा कोरड्या इंजिनाचा असतो. त्यात तेल, इंधन, बॅटरी, क्लच, पुली आणि पुष्कळदा सायलेन्सरही धरलेला नसतो. त्यामुळे जे जे हेडवर चढणार आहे ते सगळे प्रत्यक्ष काट्यावर ठेवून मोजणे हाच खरा मार्ग आहे.

वजनाइतकाच महत्त्वाचा असतो गुरुत्वमध्य, आणि तो शोधणे वाटते तितके अवघड नाही. इंजिन एकाच हुकाला चेन-कप्पीने थोडे उचलावे, ते स्थिर झाले की हुकाच्या नेमक्या रेषेत ओळंबा सोडावा आणि त्या दोरीची रेषा खडूने इंजिनाच्या अंगावर उमटवावी. मग दुसऱ्या ठिकाणी साखळी अडकवून हीच कृती पुन्हा करावी. दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतील तेथे गुरुत्वमध्य असतो. डिझेल इंजिनाचे फ्लायव्हील जड असल्यामुळे हा बिंदू अनेकदा अपेक्षेपेक्षा फ्लायव्हीलच्या बाजूला सरकलेला आढळतो, आणि हीच गोष्ट डोळ्यांच्या अंदाजात सुटते.

तोलाचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. हेडच्या दोन खांबांमधील अंतर १२० सेंटिमीटर आहे, प्रत्येक खांबापाशी उचलण्याची एक तार आहे, आणि इंजिनाचा गुरुत्वमध्य चालक बाजूच्या, म्हणजे इंजिन असलेल्या बाजूच्या, खांबाच्या २० सेंटिमीटर बाहेर आहे, असे समजू. जुने इंजिन सर्व सामानासह ३१ किलोचे आणि नवे ७५ किलोचे आहे. इंजिन खांबाच्या बाहेर असल्यामुळे त्याचा जवळच्या तारेवर पडणारा भार त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त असतो: ७५ ला १४० ने गुणून १२० ने भागले की ८७.५ किलो येतात. उरलेले १२.५ किलो उलट्या दिशेने लागू होतात, म्हणजे पलीकडच्या तारेवरचा भार तेवढ्याने हलका होतो. जुन्या इंजिनाच्या वेळी हेच आकडे सुमारे ३६ आणि ५ किलो होते. वजन ४४ किलोंनी वाढले, पण जवळच्या तारेवर ५१ किलो वाढले आणि दूरच्या तारेवरून ७ किलो आणखी कमी झाले. हेड तिरपे का होते, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हे मला सांगावेसे वाटते, कारण मी स्वतः पहिल्यांदा डिझेल बसवले तेव्हा हा हिशेब केला नव्हता. इंजिन सुरेख चालले, आवाज भरीव होता, आणि पहिल्याच ओंडक्यातून निघालेल्या फळ्या एका कडेला २५ मिलिमीटर तर दुसऱ्या कडेला २२ मिलिमीटर भरल्या. मी अर्धा दिवस पात्याची धार, दात पाडण्याचे (दोन्ही बाजूंना वाकवण्याचे) माप आणि पात्याला रेषेत धरणारे गाइड रोलर तपासत बसलो. शेवटी टेप घेऊन तुळईपासून पात्याची उंची दोन्ही टोकांना मोजली तेव्हा चालक बाजू खाली बसलेली दिसली. तार ताणली गेली होती आणि तिच्या वरच्या टोकाची पट्टी थोडी वाकली होती. पात्याचा काहीही दोष नव्हता.

दुसरा हिशेब पुढे-मागे होणाऱ्या तोलाचा आहे. खांबांच्या प्रतलापासून इंजिनाचा गुरुत्वमध्य ३५ सेंटिमीटर पुढे असेल, तर जुन्या इंजिनाचा मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, ३१ गुणिले ३५ म्हणजे १०८५ किलो-सेंटिमीटर होता आणि नव्याचा ७५ गुणिले ३५ म्हणजे २६२५ होतो. हा फरक खांबांवरच्या सरकपट्ट्यांना झेलावा लागतो. सरकपट्ट्यांत थोडी जरी फट असली तरी हेड पुढे झुकते, पाते आडव्या प्रतलात राहत नाही, आणि ते लाकडात खाली बुडी मारते किंवा वर चढते. खेरीज हेड उचलताना ते खांबावर अडकत अडकत वर जाते. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे इंजिनच खांबांच्या जवळ आणणे. १०८५ ला ७५ ने भागले तर साडेचौदा सेंटिमीटर येतात; गुरुत्वमध्य तेवढ्या अंतरावर बसवता आला तर पुढे-मागे काहीच बदललेले नसते. तेवढे जमत नसेल तर बॅटरी खांबांच्या दुसऱ्या बाजूला न्यावी. १२ किलोची बॅटरी ५० सेंटिमीटरवर ठेवली की ६०० किलो-सेंटिमीटर परत मिळतात. इंधनाच्या टाकीचा असा उपयोग करू नये, कारण ती रिकामी होत जाते तसा तोलही बदलत जातो. लोखंडी प्रतिभार लावणे हा मी अगदी शेवटचा उपाय मानतो; वाढलेल्या वजनाला तोलण्यासाठी आणखी वजन चढवले की ते सगळे शेवटी तारेनेच उचलायचे असते.

उचलण्याची यंत्रणा आणि रूळ

वरच्या हिशेबातून प्रत्येक तारेवर किती भार येतो ते कळले की तार बदलायची की नाही हे ठरते. उचलण्याच्या तारेवरचा प्रत्यक्ष भार तिच्या तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. तारेचे एकेक सुटे तंतू तुटून वर आलेले असतील, ती चपटी झालेली असेल किंवा कप्पीच्या खोबणीत घासून चकाकत असेल, तर हिशेब न करताच ती बदलावी. नवी तार जाड घेतल्यास कप्पीही मोठी घ्यावी लागते, कारण लहान कप्पीवरून वळताना जाड तार आतून लवकर तुटते. टोकाला बुलडॉग क्लिप (तारेचा दुमडलेला फास आवळणारी पकड) लावताना तिचे खोगीर, म्हणजे खोबणीचा ठोकळा, नेहमी भार वाहणाऱ्या तारेवर बसले पाहिजे आणि यू-बोल्ट दुमडलेल्या मोकळ्या टोकावर. उलटे लावले की यू-बोल्ट भाराच्या तारेलाच चिरडतो. ही चूक इतकी सर्रास दिसते की कोणत्याही यंत्रापाशी गेलो की माझी नजर आधी तेथेच जाते.

विंच आपोआप ब्रेक लागणारा किंवा वर्म गिअरचा असावा. केवळ दातेरी चाक आणि खटका असलेल्या विंचवर हलके हेड कसेबसे सांभाळले जाते. जड हेडचा खटका उतरवताना निसटला तर हँडल मनगटावर येते. आट्यांच्या दांड्यांची यंत्रणा स्वतःच भार धरून ठेवते, पण तिच्या पितळी नटांची झीज आता जलद होईल, तेव्हा त्यांतील ढिलाई बसवण्याच्या आधीच पाहून घ्यावी. हायड्रॉलिक सिलिंडर असेल तर नळी फुटली तरी हेड जागच्या जागी थांबवणारा लॉक व्हॉल्व्ह सिलिंडरच्या तोंडाशीच हवा.

रुळांचा विचार बहुतेक जण करत नाहीत. दोन आधारांमध्ये रूळ किती झुकतो हे भाराच्या सरळ प्रमाणात असते, पण आधारांमधील अंतराच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे हेडचे वजन दीडपट झाले तर झोल दीडपट होईल, परंतु १२० सेंटिमीटरच्या अंतरात मध्ये एक आधार देऊन ते ६० केले तर झोल एक-अष्टमांशावर येईल. एवढ्या स्वस्तात मिळणारा फायदा या सबंध कामात दुसरा नाही. चालक बाजूच्या रुळाखाली जास्तीचे जॅक द्यावेत आणि प्रत्येक जॅकखाली रुंद, जाड फळीचा तुकडा ठेवावा, कारण ओल्या जमिनीत लहान बुडाचा जॅक भाराखाली हळूहळू रुतत जातो. हेडच्या चाकांची बेअरिंगेही आताच बदलून घ्यावीत. यंत्र गाडीला जोडून ओढायचे असेल तर अ‍ॅक्सलची क्षमता तपासावी आणि प्रवासात हेड रुळांवर कोठे कुलूपबंद करायचे ते नव्याने ठरवावे. ओढताना हुकावर एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार असला म्हणजे मागची गाडी डोलत नाही.

पाटा आणि बोल्ट

प्रत्यक्ष काम सुरू करताना पाते आधी काढून टाकावे, प्लगची टोपी आणि बॅटरीची तार सुटी करावी, आणि हेड पूर्ण खाली आणून लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे. विंचच्या भरवशावर टांगलेल्या हेडखाली किंवा हेडवर काम करू नये. जुने इंजिन उतरले की हेड अचानक हलके होते आणि नवे चढताच एकदम जड होते. दोन्ही क्षणी ठोकळे घट्ट असणे जरुरीचे आहे. जड इंजिन दोघांनी हाताने उचलून बसवण्याचा मोह टाळावा आणि चेन-कप्पीच वापरावी, कारण बोल्टाच्या छिद्रात बोट असतानाच इंजिन सरकते.

नव्या इंजिनाची छिद्रे जुन्या पाट्याशी, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या पत्र्याशी, क्वचितच जुळतात. १० ते १२ मिलिमीटर जाडीचा नवा पोलादी पाटा करून तो हेडच्या चौकटीला किमान दोन आडव्या नळ्यांवर पक्का करावा. इंजिनाची छिद्रे पाट्यात गोल न ठेवता लांबट खाचा कराव्यात, म्हणजे बेल्ट ताणण्यासाठी इंजिन सरकवता येते, आणि मागे सरकवण्यासाठी एक ढकलबोल्ट द्यावा. बोल्ट ८.८ ग्रेडचे आणि वॉशर जाड व कडक हवेत. पातळ वॉशर खाचेत बुडतो आणि बोल्ट काही तासांतच सैल होतो. १० मिलिमीटरचा असा बोल्ट कोरड्या आट्यांवर ४५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळावा. वेल्डिंग करायचे झाल्यास अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, कारण तो दूर लावला की विद्युतप्रवाह बेअरिंगांमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात.

रबरी पायांविषयी मतभेद आहेत. एका सिलिंडरचे डिझेल खूप हादरते, म्हणून मऊ रबरावर बसवावेसे वाटते. पण बेल्टची ओढही तितकीच खरी असते. १० किलोवॅटचे इंजिन ३००० फेऱ्यांवर सुमारे ३२ न्यूटन-मीटर टॉर्क देते, १३३ मिलिमीटरच्या पुलीवर त्याची ओढ सुमारे ४८० न्यूटन होते, आणि बेल्टच्या दोन्ही बाजूंचा ताण मिळून शाफ्टवर साधारण ७०० न्यूटनांचा, म्हणजे सत्तर किलोंहून अधिक, आडवा भार येतो. मऊ रबर या भाराने तिरके होते, पुल्या रेषेतून जातात आणि बेल्टच्या कडा खाल्ल्या जातात. मी कडक रबर वापरून बेल्टच्या ओढीच्या दिशेने इंजिन ते चौकट असा एक टेकूदांडा लावणे पसंत करतो. पेट्रोलचे दोन सिलिंडरचे इंजिन तर सरळ पाट्यावरच बसवावे.

शाफ्टचा व्यास आणि चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारा पोलादी तुकडा) मोजून पाहावी. १३ अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनांवर २५ किंवा २५.४ मिलिमीटरचा शाफ्ट आढळतो, तर दोन सिलिंडरच्या मोठ्या इंजिनांवर २८.६ मिलिमीटरचा. २५ आणि २५.४ हे हाताला सारखेच वाटतात, पण २५.४ साठी केलेली पुली २५ च्या शाफ्टवर बसवली तर ती डुगडुगते आणि चावीची खाच खाऊन टाकते. फिरण्याची दिशाही आधी पाहावी: शाफ्टकडे तोंड करून उभे राहिल्यास आडव्या शाफ्टची बहुतेक लहान पेट्रोल इंजिने घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, पण सर्वच डिझेल इंजिने तशी फिरतात असे धरून चालू नये. दिशा उलटी असेल तर इंजिनाचे तोंड फिरवावे लागते, आणि मग तोलाचा हिशेबही नव्याने करावा लागतो. पुली शाफ्टवर इंजिनाच्या जितकी जवळ बसवता येईल तितकी बसवावी. ती टोकाला गेली की क्रँकच्या बेअरिंगवर तोच भार जास्त लांबीच्या तरफेने पडतो.

पुली, बेल्ट आणि क्लच

पट्टा-करवतीच्या पात्याचा वेग साधारणपणे सेकंदाला २० ते २८ मीटर ठेवतात. पेट्रोल इंजिन ३६०० फेऱ्यांवर चालत असेल आणि त्याच्या जागी ३००० फेऱ्यांचे डिझेल आले, तर जुनीच पुली ठेवल्यास पाते सहाव्या हिश्शाने मंदावते. याचा हिशेब असा करावा. पात्याचे चाक ४८० मिलिमीटरचे असेल तर एका फेरीत पाते १.५०८ मीटर पुढे जाते. सेकंदाला २५ मीटर वेग हवा असल्यास चाकाला मिनिटाला सुमारे ९९५ फेरे द्यावे लागतात. चालित पुली ४०० मिलिमीटरची असेल, तर ३६०० फेऱ्यांच्या इंजिनावर सुमारे ११० मिलिमीटरची आणि ३००० फेऱ्यांच्या इंजिनावर सुमारे १३३ मिलिमीटरची पुली लागते. येथे व्यास म्हणजे बेल्ट ज्या पातळीवर वळतो तो पिच व्यास. पुलीचा बाहेरचा काठ मोजून हिशेब केला तर वेग थोडा चुकतो.

पुली बदलली की बेल्टची लांबीही बदलते. केंद्रांमधील अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट, अधिक व्यासांच्या वजाबाकीचा वर्ग भागिले केंद्रांमधील अंतराची चौपट, असे ते सूत्र आहे. केंद्रे ५०० मिलिमीटरवर असतील तर ११० च्या पुलीला १८४३ आणि १३३ च्या पुलीला सुमारे १८७३ मिलिमीटर लांबीचा बेल्ट लागतो. तीस मिलिमीटरचा हा फरक खाचांतून भरून निघेल असे वाटते, पण इंजिन तोलासाठी जेथे बसवायचे ठरवले आहे तेथून ते हलवण्यापेक्षा योग्य लांबीचा बेल्ट आणणे बरे. दोन बेल्ट शेजारी शेजारी चालवायचे असल्यास ते एकाच जोडीतले घ्यावेत. एक जुना आणि एक नवा घातला की सगळा भार नवाच ओढतो.

केंद्रापसारी क्लच (फेरे वाढले की आतले तुकडे बाहेर फेकले जाऊन आपोआप पकडणारा) असेल तर येथे एक सापळा आहे. अशा क्लचची पकड फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्यातून स्प्रिंगचा ताण वजा होतो. २००० फेऱ्यांवर पकडू लागणारा क्लच ३६०० वर जेवढा टॉर्क ओढतो, त्याच्या सुमारे ५६ टक्केच तो ३००० वर ओढू शकतो. आणि त्याच वेळी डिझेल त्याला पूर्वीपेक्षा जास्त टॉर्क देत असते. क्लच घसरतो, तापतो, निळा पडतो आणि त्याची घंटी, म्हणजे बाहेरचे कवच, तडकते. त्यामुळे ३००० फेऱ्यांच्या इंजिनासाठी कमी फेऱ्यांवर पकडणारा आणि वाढीव टॉर्कचा क्लच घ्यावा, किंवा क्लच काढून हाताच्या दांड्याने बेल्ट ताणणारी पुली लावावी. जड डिझेलसाठी मला दुसरा मार्ग जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात काय चालले आहे ते हाताला कळते. वेग कमी पडतो म्हणून गव्हर्नरची (फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ताणून इंजिनाचे फेरे ठरलेल्या मर्यादेपुढे नेणे मात्र कधीही करू नये.

बंद करण्याचे बटण

पेट्रोल इंजिनाचे बंद करण्याचे बटण मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची) तार इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडते, ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. डिझेलला ठिणगीच नसते. जुने बटण हँडलवर तसेच राहिले आणि खाली डिझेल बसले, तर संकटाच्या क्षणी बटण दाबूनही इंजिन चालूच राहील. डिझेलचा इंधन तोडणारा दांडा केबलने किंवा सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या खेचकाने) चालकाच्या हातापर्यंत आणणे हे या बदलातील सर्वांत महत्त्वाचे सुरक्षाकाम आहे, आणि ते इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याच्या आधी पूर्ण झाले पाहिजे. पेट्रोल इंजिनच ठेवले असेल तर उलट काळजी घ्यावी: मॅग्नेटोच्या या तारेला बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह चुकूनही देऊ नये, कॉइल जळते.

इंधनाची टाकी, हवा आणि धूर यांबाबत थोडक्यात सांगायचे तर: डिझेल इंजेक्टरची परतीची नळी टाकीत परत गेली पाहिजे, हवा शोषणारे तोंड भुशाच्या झोतापासून दूर आणि उंचावर हवे, आणि सायलेन्सरचे तोंड चालकाकडे, भुशाच्या ढिगाकडे किंवा टाकीकडे वळलेले नसावे. ठिणगी अडवणारी जाळी बसवावी. नव्या इंजिनात बहुधा तेल भरलेले नसते, तेव्हा सुरू करण्यापूर्वी ते भरून हेड समपातळीत ठेवून तेल मोजण्याची काडी पाहावी.

जुळवणी आणि पहिली कापणी

इंजिन बसले की दोन्ही पुल्यांवर एक ताणलेली दोरी धरावी. ती चारही काठांना एकाच वेळी टेकली पाहिजे. मग बेल्टचे गार्ड लावून, पाते न चढवता इंजिन चालवावे, फेरे मोजावेत आणि चौकटीच्या कोणत्या भागाला हादरा जास्त जाणवतो ते पाहावे. त्यानंतर बंद करून सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.

पाते चढवून ताणल्यावर सुरुवातीला घेतलेली सर्व मोजमापे पुन्हा घ्यावीत: तीन उंची, दोन्ही टोके. फरक दिसला तर तारेच्या टोकाच्या बोल्टने हेड समपातळीत आणावे. गाइड रोलर हलवून ते झाकू नये. पुढे-मागे झुकाव पाहण्यासाठी सुमारे ४०० मिलिमीटरची सरळ पट्टी पात्याच्या अंगावर, दोन दातांच्या मधल्या भागात, चिमट्याने धरावी आणि तिच्या दोन्ही टोकांपासून तुळईपर्यंतचे अंतर मोजावे. ३२ मिलिमीटर रुंद पात्यावर अर्ध्या अंशाचा झुकाव म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडा जास्त फरक, जो डोळ्यांना दिसत नाही. पण ४०० मिलिमीटरच्या पट्टीवर तोच साडेतीन मिलिमीटर होतो आणि साध्या टेपनेही सापडतो.

पहिला ओंडका मऊ लाकडाचा आणि मध्यम जाडीचा घ्यावा. इंजिनात आता जोर जास्त असल्यामुळे हेड वेगाने ढकलण्याची इच्छा होते, परंतु पाते, त्याचा ताण आणि त्याची चाके पूर्वीचीच आहेत. जुने इंजिन दमून हेडचा वेग आपोआप कमी करत असे. नवे दमत नाही, आणि पाते लाटेसारखे वर-खाली जात कापते किंवा चाकावरून उतरते. फळीवर दातांच्या खुणा सरळ आणि सारख्या अंतरावर उमटत आहेत तोवरच वेग वाढवावा. जास्त जोराचा फायदा घेण्यासाठी जाड पाते घालायचे असेल तर चाकाचा व्यास आधी पाहावा, कारण लहान चाकावर जाड पाते वळून वळून दातांमधल्या घळींपाशी तडकते.

पहिल्या पाचसहा फळ्यांची जाडी दोन्ही कडांना आणि दोन्ही टोकांना मोजून लिहावी. एक तास कापणी झाल्यावर पाट्याचे आणि इंजिनाचे बोल्ट, बेल्टचा ताण आणि तारेच्या क्लिप तपासाव्यात, आणि आठ-दहा तासांनंतर पुन्हा एकदा. नवी तार या काळात थोडी ताणली जाते, म्हणून हेडची दोन्ही टोकांची उंचीही तेव्हाच पुन्हा जुळवावी. अंतिम आकडे, म्हणजे पुल्यांचे व्यास, बेल्टची लांबी, इंजिनाचे फेरे आणि तीन उंचींवरचे पात्याचे माप, मी बेल्टच्या गार्डच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या रंगाने लिहून ठेवतो. बेल्ट बदलायला गार्ड उघडणाऱ्याला ते समोरच दिसतात.